सिडनी लुमेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला असतो. ‘सर्पिको’ किंवा ‘डॉग डे आफ्टरनून’मधला अल पचिनो डोळ्यांसमोर असतो. पण हे सगळे चित्रपट एकाच माणसाने केलेत म्हटलं की समोरचा क्षणभर थांबतो. मित्रमंडळींना आणि नाटकातल्या मुलामुलींना लुमेट दाखवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सिडनी लुमेट कोण होता?

अमेरिकन दिग्दर्शक. जन्म २५ जून १९२४, फिलाडेल्फिया. मृत्यू ९ एप्रिल २०११, न्यूयॉर्क. १९५७ साली ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हा पहिला चित्रपट केला, २००७ साली शेवटचा, आणि मधल्या पन्नास वर्षांत चाळीसहून अधिक. न्यायालय, पोलिस, वृत्तवाहिनी, बँक, लष्करी तुरुंग अशा संस्थांच्या आत अडकलेली माणसं हा त्याचा आवडता विषय. अशा ठिकाणी सगळे एका बाजूला असताना एखाद्याला ‘हे मला पटत नाही’ म्हणावंसं वाटतं, तेव्हा त्याचं काय होतं, हे त्याने आयुष्यभर वेगवेगळ्या तऱ्हांनी तपासलं.

त्याचं नाटकाशी काय नातं होतं?

तो नाटकातच वाढला. वडील बारूख लुमेट यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) रंगभूमीवरचे नट, आई नर्तकी. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या गरीब ज्यू वस्तीत हे कुटुंब राहायचं. सिडनी शाळकरी वयाच्याही आधी रंगमंचावर उभा राहिला आणि १९३५ साली ब्रॉडवेवर ‘डेड एंड’ या नाटकात होता. तालीम म्हणजे काय, नट कशाने घाबरतो, कशाने खुलतो, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पुढे नटांनी त्याच्यावर जो विश्वास टाकला, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

टेलिव्हिजनमधून सिनेमात आला म्हणजे नेमकं कसं?

युद्धानंतर त्याने छोटी नाटक मंडळी चालवली, अभिनय शिकवला. तेव्हा युल ब्रिनर हा नट सीबीएस या वाहिनीवर टीव्ही दिग्दर्शक होता. त्याने लुमेटला १९५० मध्ये मदतनीस म्हणून घेतलं आणि स्वतः ‘द किंग अँड आय’ या नाटकासाठी निघून गेल्यावर काम लुमेटकडे आलं. त्या काळी टीव्हीवरची नाट्यं थेट प्रक्षेपित होत. रीटेक नाही. कॅमेरा अडला, नट वाक्य विसरला, तरी घड्याळ चालूच. अशी शेकडो प्रक्षेपणं केलेल्या माणसाला सिनेमाच्या सेटवर वेळ वाया घालवणं जमणारच नव्हतं. तो आयुष्यभर वेळेत आणि पैशात काम संपवणारा दिग्दर्शक म्हणून ओळखला गेला.

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ एका खोलीत घडतो, तरी कंटाळा का येत नाही?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

खुनाच्या खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला ज्युरी, म्हणजे बारा सामान्य नागरिक, एका खोलीत बसतात; अकरा जण ‘दोषी’ म्हणतात आणि एकट्या हेन्री फोंडाला शंका असते, ही याची गोष्ट. ९६ मिनिटांच्या या चित्रपटातली जेमतेम तीन मिनिटं खोलीबाहेर आहेत. रेजिनाल्ड रोजचं मूळ टीव्ही नाट्य १९५४ सालचं. सिनेमासाठी लेखक रोज आणि फोंडा स्वतःच निर्माते झाले. एवढ्याशा जागेत सगळा सिनेमा कसा रंगणार, ही चिंता कोणालाही वाटली असती. लुमेटने ठरवलं की जागा लहान आहे हे लपवायचंच नाही, उलट ती आणखी लहान करत न्यायची.

त्यासाठी त्याने आणि छायालेखक बोरिस कॉफमनने सिनेमाचे तीन भाग पाडले. पहिल्या भागात कॅमेरा माणसांच्या नजरेच्या वर आहे. दुसऱ्यात तो नजरेच्या पातळीवर येतो. तिसऱ्यात नजरेच्या खाली जातो, त्यामुळे शेवटी शेवटी खोलीचं छतही दिसायला लागतं, जणू भिंती पुरेशा नव्हत्या म्हणून आता छतही खाली येतंय. जोडीला लेन्स बदलत गेल्या. सुरुवातीला रुंद कोनाच्या, मग हळूहळू जास्त फोकल लेंग्थच्या. अशा लेन्समधून पाठीमागची भिंत माणसाच्या खांद्याला चिकटल्यासारखी दिसते. बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही, पण त्याचा जीव गुदमरतो. आणि अगदी शेवटी, न्यायालयाच्या पायऱ्यांवर, एकदम वरून आणि रुंद लेन्सने घेतलेला शॉट येतो. पाऊस पडून गेलेला, रस्ता ओला. तिथे आपण श्वास सोडतो.

एक बारीकशी गोष्ट पुढच्या वेळी मुद्दाम पाहा. खोलीतला पंखा. उकाड्याने सगळे हैराण आहेत आणि पंखा बंद पडलाय असं समजून चालले आहेत. बाहेर ढग येतात, अंधारतं, कोणीतरी दिवे लावतो आणि पंखा फिरू लागतो. तो दिव्यांच्याच बटणावर होता! बारा शहाणी माणसं इतका वेळ त्याच खोलीत बसून घाम पुसत होती आणि एवढं कोणाच्या लक्षात आलं नाही. ज्या चित्रपटाचा सगळा विषय ‘आपण गृहीत काय काय धरलंय’ हा आहे, त्यात हा पंखा मला कोणत्याही संवादाइतका बोलका वाटतो.

तो खरंच तीन आठवड्यांत पूर्ण झाला का?

चित्रीकरण वीसेक दिवसांत झालं, पण त्याआधी दोन आठवडे तालीम झाली होती. बजेट साडेतीन लाख डॉलरच्या आसपास. पैसा वाचवायचा म्हणजे प्रकाशयोजना वारंवार बदलायची नाही. म्हणून एका खुर्चीकडे प्रकाश लावला की त्या खुर्चीतला सिनेमाभराचा मजकूर एका दमात घ्यायचा, मग पुढची खुर्ची. अशा खोलीला तीन फेऱ्या झाल्या: एक नेहमीच्या उजेडातली, एक ढगाळलेली, एक दिवे लावल्यानंतरची.

याचा अर्थ काय होतो ते बघा. पडद्यावर ली जे. कॉब आणि हेन्री फोंडा एकमेकांवर तुटून पडलेत. प्रत्यक्षात कॉबच्या बाजूचं चित्रीकरण एका दिवशी झालं आणि फोंडाच्या बाजूचं सातआठ दिवसांनी. आठवड्यापूर्वी समोरचा किती चढ्या आवाजात बोलला होता, तो किती जवळ आला होता, हे सगळं दिग्दर्शकाच्या डोक्यात पक्कं हवं. तालीम झाली नसती तर हे केवळ अशक्य होतं.

१९५७ मध्ये बर्लिन महोत्सवात चित्रपटाला गोल्डन बेअर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ऑस्करसाठी सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा अशी तीन नामांकनं होती आणि तिन्ही ठिकाणी ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ने बाजी मारली.

आपल्याकडे ज्युरी नाही, मग हा चित्रपट आपल्याला इतका जवळचा का?

आपल्याकडे ज्युरी होती. मुंबईत १९५९ साली नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात नऊ जणांच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ असा ‘निर्दोष’ कौल दिला. सत्र न्यायाधीशांना तो पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे शिक्षा झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ज्युरीवरचा विश्वास आधीच ओसरत होता. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही.

यात एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. आपल्या ज्युरीला बहुमत पुरत होतं. लुमेटच्या ज्युरीला एकमत हवं. आठ विरुद्ध एकने काम भागलं असतं, तर फोंडाला पहिल्या पाच मिनिटांत घरी पाठवता आलं असतं. बारापैकी एकाच्या मनात शंका असेल तर बाकीच्या अकरांना तिचं काहीतरी करावंच लागतं, या एका नियमावर ही गोष्ट उभी आहे.

हिंदीतला ‘एक रुका हुआ फैसला’ हा याच कथेचा बासू चॅटर्जींनी केलेला अवतार, १९८६ सालचा. पंकज कपूर, अन्नू कपूर, एम. के. रैना ही सगळी नाटकातून आलेली मंडळी त्यात आहेत. बासुदा दिग्दर्शक होण्यापूर्वी मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात व्यंगचित्रकार होते आणि नानावटींच्या बाजूने रान उठवणारं साप्ताहिक ते हेच. हा धागा मला फार आवडतो, म्हणून इथे नोंदवून ठेवला.

लुमेट तालीम कशी घ्यायचा?

नाटक करणाऱ्या प्रत्येकाने हे उत्तर वाचावं अशी माझी इच्छा आहे.

सिनेमात सहसा तालीम नसते. नट सेटवर येतो, जागा दाखवतात, दोनदा वाक्यं म्हणून बघतात, कॅमेरा सुरू. लुमेट चित्रीकरणाआधी दोन-तीन आठवडे नटांना घेऊन बसायचा. न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यूवरचं युक्रेनियन नॅशनल होम हे त्याचं आवडतं ठिकाण. साधं सभागृह. पहिले दोन-तीन दिवस टेबलाभोवती नुसतं वाचन आणि चर्चा. चर्चेची सुरुवात एका प्रश्नाने: हा चित्रपट कशाबद्दल आहे? म्हणजे कथानक नव्हे, कथेच्या पोटात काय आहे ते. त्याचं उत्तर सापडलं की वेशभूषेपासून लेन्सपर्यंत सगळे निर्णय त्या उत्तराला विचारून घ्यायचे.

मग उभ्या तालमी. जमिनीवर रंगीत टेप चिकटवून खोल्या आखलेल्या: ही भिंत, हे दार, इथे पलंग. आपल्याकडे प्रायोगिकवाले खडूने रेघा मारतात, तसंच. हालचाली ठरायच्या, सगळी दृश्यं क्रमाने व्हायची, आणि शेवटी चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग करून बघायचा. अशा सलग तालमीला छायालेखक आणि इतर तंत्रज्ञ हजर असत.

याचा फायदा असा की पुढे चित्रीकरणात शेवटचं दृश्य पहिल्या दिवशी आलं तरी नटाला आपण प्रवासात कुठे आहोत ते ठाऊक असतं. ‘सर्पिको’ हे याचं ठळक उदाहरण. गोष्ट पुढे सरकते तशी त्या पोलिसाची दाढी आणि केस वाढत जातात. वाढवायला वेळ लागतो, कापायला नाही. म्हणून लुमेटने चित्रपट उलट्या क्रमाने चित्रित केला, शेवटापासून सुरुवातीकडे, आणि पचिनोची दाढी टप्प्याटप्प्याने कमी होत गेली. मोडून पडलेला माणूस आधी करायचा आणि उत्साहाने नोकरीवर रुजू होणारा तरुण शेवटी!

‘द व्हर्डिक्ट’ची आठवण लुमेटने स्वतः ‘मेकिंग मूव्हीज’ या आपल्या १९९५ च्या पुस्तकात लिहिली आहे. पॉल न्यूमन दारूत बुडालेल्या वकिलाची भूमिका करत होता. दोन आठवड्यांच्या तालमीनंतर सगळं नीट चाललं होतं, पण लुमेटला काहीतरी कमी वाटत होतं. त्याने न्यूमनला बाजूला घेऊन सांगितलं की या माणसात तू स्वतःचं काही अजून दाखवलेलं नाहीस, आणि दाखवायचं की नाही हे तुझं तूच ठरव. सक्ती नाही. सुट्टीनंतर न्यूमन परतला तेव्हा भूमिकेत जीव आलेला होता. नटाच्या खासगी वेदनेला हात न लावता त्याला तिच्या दारापर्यंत नेऊन सोडणं ही फार मोठी कला आहे. मला ती लुमेटइतकी सभ्यपणे वापरणारा दुसरा दिग्दर्शक माहीत नाही.

त्याला स्वतःची शैलीच नव्हती, असं समीक्षक म्हणतात. हे खरं आहे का?

असं म्हटलं गेलं, आणि ते चुकीचं आहे असं मला ठामपणे वाटतं. अँड्र्यू सॅरिस या वजनदार अमेरिकन समीक्षकाने १९६८ च्या आपल्या पुस्तकात दिग्दर्शकांची वर्गवारी करताना लुमेटला ‘ओढूनताणून गंभीर’ अशा अर्थाच्या कप्प्यात टाकलं होतं. दिग्दर्शकाची सही प्रत्येक चौकटीत दिसली पाहिजे, असा तो काळ होता.

लुमेटचं म्हणणं नेमकं उलट. गोष्ट बदलली की ती सांगण्याची तऱ्हा बदलायला हवी. जी शैली बघणाऱ्याला दिसते ती त्याला कमी प्रतीची वाटायची. म्हणून त्याची शैली शोधायची तर एकेका चित्रपटात शिरावं लागतं.

‘प्रिन्स ऑफ द सिटी’ (१९८१) घ्या. भ्रष्ट सहकाऱ्यांविरुद्ध माहिती देणारा एक पोलिस, आणि कोण खरं बोलतंय याचा कुणालाच पत्ता नाही. लुमेटने ठरवलं की या चित्रपटात माणसाच्या नजरेला स्वाभाविक वाटणारी मधली लेन्स वापरायचीच नाही. एक तर फार रुंद, नाही तर फार लांब पल्ल्याची. त्यामुळे अंतरं कायम खोटी वाटतात. जवळचं दूर, दूरचं जवळ. आकाशही जवळजवळ कुठे दिसू दिलं नाही.

‘नेटवर्क’ (१९७६) मध्ये प्रेक्षकसंख्येसाठी वाहिनी काय काय विकते ते आहे. सुरुवातीची दृश्यं साध्या, खऱ्याखुऱ्या उजेडात आहेत. जसजशी माणसं बिघडत जातात तसतसा प्रकाश गुळगुळीत होत जातो आणि शेवटाकडे चौकटी जाहिरातीसारख्या दिसू लागतात. लुमेटच्या मते तिथे कॅमेरासुद्धा भ्रष्ट होत गेला आहे.

‘द व्हर्डिक्ट’साठी त्याने आणि छायालेखक आंद्रेज बार्टकोविआकने काराव्हाज्जोची चित्रं समोर ठेवली. काळोखी पार्श्वभूमी, एका बाजूने येणारा उजेड. रंग शिशिरातल्या पानांचे, भूतकाळाखाली दबलेल्या माणसाला शोभतील असे.

तिन्ही चित्रपट शेजारी ठेवले तर एकाच माणसाचे वाटणार नाहीत. मला तीच त्याची सही वाटते.

‘डॉग डे आफ्टरनून’ इतका खरा कसा वाटतो?

घटना खरी आहे. २२ ऑगस्ट १९७२ रोजी ब्रुकलिनच्या एका बँकेवर दरोडा पडला, दरोडेखोर आतच अडकले, बाहेर पोलिस आणि बघ्यांची तोबा गर्दी. दरोडा घालणाऱ्या विवाहित पुरुषाला आपल्या जोडीदाराच्या लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी पैसे हवे होते. १९७५ साली हा विषय पडद्यावर आणायचा म्हणजे प्रेक्षक हसायला लागण्याचा धोका होता. ज्यांना आपण विचित्र म्हणतो ते आपल्याला वाटतात तितके आपल्यापासून वेगळे नसतात, हे लुमेटच्या मते चित्रपटाचं मर्म. आणि प्रेक्षकाला ते पटायचं तर पडद्यावरचं काहीही बेतलेलं दिसता कामा नये.

मग निर्णय होत गेले. पार्श्वसंगीत नाही. सुरुवातीला एल्टन जॉनचं एक गाणं वाजतं, त्यानंतर काही नाही. नटांनी स्वतःचे कपडे घातले. बँकेचा सेट स्टुडिओत न उभारता ब्रुकलिनच्या खऱ्या रस्त्यावरच्या एका गोदामात उभारला, म्हणजे कॅमेरा आतून थेट बाहेर जाऊ शकेल. आत बँकेत असतात तशाच ट्यूबलाइट. रस्त्यावरच्या गर्दीत भाड्याने आणलेल्या माणसांबरोबर आसपासचे रहिवासीही मिसळले. गोष्ट ऑगस्टच्या उकाड्यातली, चित्रीकरण थंडी सुरू झाल्यावर. तोंडातून वाफ दिसू नये म्हणून नट बोलण्याआधी तोंडात बर्फ धरायचे.

एरवी लुमेट पटकथेत लिहिलेल्या संवादांशी इमानदार. इथे मात्र पटकथाकार फ्रँक पिअर्सनच्या संमतीने त्याने तालमीत नटांना उत्स्फूर्त बोलू दिलं, ते ध्वनिमुद्रित केलं आणि त्यातून संवाद पुन्हा लिहून घेतले. पिअर्सनला पटकथेचं ऑस्कर मिळालं. रस्त्यावर पचिनो ‘ॲटिका! ॲटिका!’ असं ओरडतो, ते मात्र चित्रीकरणाच्या वेळी सुचलेलं. ॲटिका हा न्यूयॉर्क राज्यातला तुरुंग. १९७१ मध्ये तिथल्या कैद्यांचं बंड गोळीबाराने मोडून काढलं होतं, आणि ती जखम ताजी होती.

आता टेलिफोनचं दृश्य. पचिनो आधी आपल्या जोडीदाराशी बोलतो, मग बायकोशी. दोन्ही मिळून चौदा मिनिटांच्या आसपास. कॅमेऱ्यात एका वेळी सुमारे अकरा मिनिटांचीच फिल्म मावते, म्हणून लुमेटने शेजारी दुसरा कॅमेरा लावला, पहिल्याची फिल्म संपली की दुसरा सुरू. टेक उत्तम झाला. पचिनो पूर्ण रिकामा झाला होता. आणि लुमेट म्हणाला, थांबू नकोस, लगेच पुन्हा. दोन सलग टेक, मध्ये श्वासही नाही. दुसऱ्या टेकमध्ये पचिनोकडे अभिनय करण्याइतकी ताकदच उरली नव्हती. चित्रपटात आपण पाहतो ते हे. त्याचे डोळे बघा, फोन ठेवल्यावर तो कुठे बघावं हेच विसरलेला असतो.

‘द पॉनब्रोकर’मध्ये मध्येच चमकून जाणारी चित्रं काय आहेत?

१९६४ सालचा चित्रपट. नाझी छळछावणीतून वाचलेला, आता न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सावकारी दुकान चालवणारा माणूस, भूमिकेत रॉड स्टायगर. त्याने आठवणी गाडून टाकल्या आहेत. पण कुठे कुत्रं भुंकतं, कुठे एखाद्या मुलाला कुंपणापाशी मारहाण होते, आणि आठवण उसळते.

अशी आठवण कशी येते, याचा लुमेटने विचार केला. ती ‘वीस वर्षांपूर्वी’ अशी पाटी लावून येत नाही. आधी फक्त चमकते, आपण ती ढकलतो, ती परत येते, जरा जास्त वेळ थांबते. म्हणून त्याने सुरुवातीला भूतकाळाच्या दोन-दोन फ्रेम टाकल्या, म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. मग तुकडे लांबत जातात आणि शेवटी अख्खा प्रसंग उलगडतो. भुयारी रेल्वेचा डबा बघता बघता कैद्यांनी खच्चून भरलेला डबा होतो, ते दृश्य पाहून मला रात्री झोप लागली नव्हती. पुढे ही युक्ती इतक्यांनी उचलली की आज ती जाहिरातींतही दिसते.

त्याच्या चित्रपटांत पार्श्वसंगीत इतकं कमी का?

प्रेक्षकाला काय वाटायला हवं हे संगीताने सांगू नये, म्हणून. ‘द हिल’, ‘फेल सेफ’ आणि ‘नेटवर्क’मध्येही पार्श्वसंगीत जवळपास नाहीच.

तो हॉलीवूडमध्ये का गेला नाही?

कामानिमित्त गेला, पण जीव न्यूयॉर्कमध्ये. त्याच्या बहुतेक चित्रपटांत हे शहर आहे, आणि ते पर्यटकांचं नाही. पोलिस चौकीतले पोपडे धरलेले रंग, न्यायालयाच्या मार्गिका, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी समोरची भिंत. कृष्णवर्णीय कलाकारांना घेऊन केलेल्या ‘द विझ’ (१९७८) या परीकथेच्या संगीतपटातही त्याने जादूनगरी म्हणून वर्ल्ड ट्रेड सेंटरचं प्रांगण वापरलं.

पोलिसांवर त्याने इतके चित्रपट का केले?

‘सर्पिको’ (१९७३), ‘प्रिन्स ऑफ द सिटी’, ‘क्यू अँड ए’ (१९९०), ‘नाइट फॉल्स ऑन मॅनहटन’ (१९९६). चौघांना एका रांगेत पाहिलं तर लुमेटचं मत कसं बदलत गेलं ते कळतं. फ्रँक सर्पिको हा खरा पोलिस. हप्ते घ्यायला नकार देतो, वरपर्यंत तक्रारी करतो, शेवटी चौकशी आयोगासमोर साक्ष देतो. तिथे कोण बरोबर हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. आठ वर्षांनी आलेल्या ‘प्रिन्स ऑफ द सिटी’तला डॅनी स्वतःही बरबटलेला आहे. तो खरं सांगायला निघतो आणि एकेक करून आपल्या जिवलग मित्रांना बुडवतो. हा नायक की विश्वासघातकी, हे स्वतः लुमेटलाही बराच काळ ठरवता आलं नव्हतं. माझ्या मते हा त्याचा सर्वांत मोठा चित्रपट आहे. जवळपास तीन तासांचा, आणि खूप कमी लोकांनी पाहिलेला.

त्याला ऑस्कर मिळालं का?

स्पर्धेतलं एकही नाही. दिग्दर्शनासाठी चार नामांकनं (‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’, ‘डॉग डे आफ्टरनून’, ‘नेटवर्क’, ‘द व्हर्डिक्ट’) आणि ‘प्रिन्स ऑफ द सिटी’च्या पटकथेसाठी एक. २००५ मध्ये मानद ऑस्कर दिलं. त्याच्या नटांना मात्र भरभरून मिळालं. एकट्या ‘नेटवर्क’ला अभिनयाची तीन: पीटर फिंच, फे डनवे आणि बिअट्रिस स्ट्रेट. फिंचला मरणोत्तर, आणि स्ट्रेटला जेमतेम पाच मिनिटांच्या भूमिकेसाठी. ती पाच मिनिटं, नवरा दुसऱ्या बाईसाठी घर सोडतोय हे ऐकणाऱ्या बायकोची, एकदा पाहाच.

त्याचे फसलेले चित्रपट कोणते?

बरेच आहेत. ‘द विझ’ आपटला. ‘फॅमिली बिझनेस’ आणि १९९९ चा ‘ग्लोरिया’ कोणाला आवडले नाहीत. तो थांबून ‘महान’ विषयाची वाट बघणारा नव्हता, सतत काम करणारा होता. काम करता करताच काम सुधारतं, या श्रद्धेचा तो माणूस.

लुमेट भारतात होता, हे खरं का?

हो. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी सैन्यात रडार दुरुस्त करणारा तंत्रज्ञ म्हणून भारत-ब्रह्मदेश भागात होता. वय विशीच्या आसपास.

त्या काळातली एक घटना त्याने मृत्यूपूर्वी काही वर्षं दिलेल्या दीर्घ मुलाखतीत सांगितली. नॅन्सी ब्युर्स्कीच्या ‘बाय सिडनी लुमेट’ या २०१५ च्या माहितीपटात ती आहे. कलकत्त्याहून निघालेल्या आगगाडीत, एका स्टेशनवर काही अमेरिकन सैनिकांनी फलाटावरच्या एका लहान मुलीला डब्यात ओढलं आणि तिच्यावर अत्याचार केले. लुमेट तिथे होता. मध्ये पडावं की नाही, याचा विचार त्याने केला. आणि त्याने काहीही केलं नाही. इतक्या वर्षांनंतरही तो हे कोणतीही सबब न देता सांगतो.

त्या मुलीचं नाव कुठे नाही. तिचं पुढे काय झालं, हे सांगणारं कोणी नाही. मला ती आधी आठवते, लुमेट नंतर.

या एका घटनेतून त्याचे सगळे चित्रपट निघाले असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पण हे ऐकल्यापासून ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मधलं पहिलं मतदान मला पूर्वीसारखं पाहता येत नाही. ‘दोषी’साठी काही हात झटकन वर जातात. मग बाकीचे इकडेतिकडे बघत, रेंगाळत वर जातात. कॅमेरा त्या रेंगाळणाऱ्या हातांवर थांबतो. त्यांच्या मालकांना मनातून काय वाटत होतं ते त्यांनाच ठाऊक, पण सगळ्यांचे वर गेले म्हणून त्यांचेही गेले. आधी मी फक्त फोंडाकडे बघायचो. आता त्या हातांकडे बघतो.

शेवटचा चित्रपट कोणता?

‘बिफोर द डेव्हिल नोज यू आर डेड’, २००७. फिलिप सेमूर हॉफमन आणि इथन हॉक हे दोन भाऊ आपल्याच आईवडिलांचं दागिन्यांचं दुकान लुटायचं ठरवतात. ८३ व्या वर्षी लुमेटने हा डिजिटल कॅमेऱ्यावर केला आणि त्या तंत्राचं मनापासून स्वागत केलं. म्हाताऱ्याचा चित्रपट तो मुळीच वाटत नाही. वडिलांच्या भूमिकेतल्या अल्बर्ट फिनीचा चेहरा बरेच दिवस पिच्छा सोडत नाही.

कुठून सुरुवात करू?

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ पाहिला नसेल तर तो. पाहिला असेल तर ‘डॉग डे आफ्टरनून’, मग ‘द व्हर्डिक्ट’, मग ‘नेटवर्क’. ‘प्रिन्स ऑफ द सिटी’ सुट्टीच्या दिवशी, सलग वेळ काढून. ‘द पॉनब्रोकर’ एकट्याने पाहू नका. नाटक करत असाल तर ‘लाँग डेज जर्नी इंटू नाइट’ (१९६२) चुकवू नका, त्यातल्या चारही प्रमुख कलाकारांना कान महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळाला होता. आणि ‘डॉग डे’मधला फोन सुरू झाला की स्वतःचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या.